फक्त पाच मिनिटं बंद करून बघू

सोमवार, १ जुलै २०२४. सकाळचे पावणेआठ. हिंजवडीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी झोपेची थकबाकी वसूल करत होतो, तेवढ्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. कऱ्हाडला असतो, इलेक्ट्रिकलचं दुकान चालवतो आणि उरलेल्या वेळात मंडळ चालवतो. (वहिनीच्या मते हे उलटं आहे.)

"अरे, यादी उघडत नाहीये."

"साइट बंद पडली का?"

"साइट चालूय रे. यादीच नाही! ओ निगेटिव्ह टाकलं तर शून्य नावं. बी पॉझिटिव्ह टाकलं तरी शून्य. गावात कुणाच्या अंगात रक्तच नाही म्हणतेय तुझी साइट."

खाडकन झोप उडाली.

ही यादी म्हणजे मंडळाच्या रक्तदात्यांची यादी. ३८२ माणसं. नाव, रक्तगट, मोबाईल नंबर, शेवटचं रक्तदान कधी केलं ती तारीख. आधी हे सगळं अण्णांच्या, म्हणजे दादाच्या वडिलांच्या, एका लाल कापडी बांधणीच्या वहीत असायचं. पुण्यात इंजिनिअर झालेला पुतण्या असताना वही कशाला, म्हणून मीच हौसेने साइट करून दिली होती. महिन्याला काहीशे रुपयांचा एक छोटा सर्व्हर भाड्याने घेतला होता, तोही माझ्याच खिशातून. समाजकार्य!

आणि त्या सकाळी हॉस्पिटलमधून दादाला निरोप होता की ओ निगेटिव्हचा माणूस दोन तासांत पाहिजे.

मी वाकडलाच उतरलो, रिक्षा करून घरी आलो, लॅपटॉप उघडला. डेटाबेसमध्ये ३८२ नोंदींच्या जागी फक्त एक नोंद होती. इंग्रजीत. तुमचा डेटा आमच्याकडे आहे, परत हवा असेल तर अमुक पत्त्यावर बिटकॉइन पाठवा.

हे असं का झालं ते सांगण्यासाठीच आजचा हा लेख आहे. खलनायक मीच आहे, त्यामुळे कुणावर आरोप करण्याचा प्रश्न येत नाही.

तर झालं असं. साइट सेंटओएस ७ वर चालायची. त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ ला संपणार हे जगाला कित्येक वर्षं माहीत होतं. मलाही होतं. पण इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सबमिशनची जी सवय लागते ती काही जात नाही. म्हणून २८ तारखेला, शुक्रवारी रात्री, मी नवा सर्व्हर घेतला, त्यावर अल्मालिनक्स ९ टाकलं, जुन्या सर्व्हरवरून सगळ्या सेटिंगच्या फायली जशाच्या तशा उचलल्या, डेटाबेसचा बॅकअप लॅपटॉपवर घेऊन नवीन ठिकाणी चढवला. साडेअकराला सगळं तयार. ब्राउझरमध्ये पत्ता टाकला.

गोल गोल फिरतंय. फिरतंय. मग "कनेक्शन टाइम्ड आउट".

आता इथून पुढे मी जे केलं ते आपल्यापैकी निम्म्या लोकांनी केलेलं असणार. सर्व्हरमध्ये एसएसएचने शिरून आतूनच पान मागवून पाहिलं, तर ५०२, बॅड गेटवे. नेटवर शोधलं. पहिलं उत्तर होतं, एसई-लिनक्स बंद करा. केला. आतून पान आलं! बाहेरून मात्र अजून टाइम आउट. दुसरं उत्तर होतं, फायरवॉल बंद करून बघा. म्हटलं, फक्त पाच मिनिटं बंद करून बघू. फायरवॉलडी बंद. तरी टाइम आउट. पुन्हा शोध, पुन्हा चहा. रात्री एकच्या सुमारास डोक्यात प्रकाश पडला की सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांच्या पॅनेलवर त्यांचीही एक वेगळी फायरवॉल असते आणि तिथे नव्या सर्व्हरसाठी फक्त एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट उघडा असतो. तिथे एक सोयीचा पर्याय होता: सगळं ट्रॅफिक, कुठूनही. क्लिक केलं.

साइट उघडली. हुश्श! मी झोपलो.

शनिवारी रात्री आम्ही सगळे मित्र मिळून बार्बाडोसची फायनल बघत होतो. सूर्यकुमारने सीमारेषेवर तो कॅच घेतला तेव्हा आमच्या खोलीत जो आरडाओरडा झाला त्यात सोसायटीचा सेक्रेटरीही सामील होता. आणि माझा सर्व्हर तिकडे दारं-खिडक्या सताड उघड्या टाकून बसला होता.

कारण त्या उचलून आणलेल्या फायलींमध्ये एक ओळ होती. मला घरून एका सॉफ्टवेअरमधून डेटाबेस बघायला सोपं जावं म्हणून मी मोंगोडीबीला सांगून ठेवलं होतं की नुसतं सर्व्हरच्या आतूनच नाही, कुठल्याही पत्त्यावरून आलेलं ऐक. पासवर्ड नव्हता. का नव्हता? तर जुन्या सर्व्हरची फायरवॉल फक्त माझ्या घरच्या आयपी पत्त्याला आत सोडायची, मग पासवर्ड कशाला! म्हणजे सगळा वाडा एका कडीवर सोडलेला, आणि ती कडी मीच काढली.

आता कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या इंटरनेटवर कऱ्हाडच्या मंडळाचा सर्व्हर शोधणार कोण? कोणीच शोधत नाही, हीच तर गंमत आहे. मुळात शोधावं लागत नाही. आयपीव्ही४ चे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटी. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं टूल काढलं. गिगाबिटची लाइन असलेल्या एका साध्या मशीनवरून ते एखाद्या पोर्टसाठी हे सगळेच्या सगळे पत्ते ४५ मिनिटांच्या आत ठोठावून येतं. ही २०१३ ची गोष्ट. जानेवारी २०१७ मध्ये पासवर्ड नसलेले हजारो मोंगोडीबी डेटाबेस असेच पुसले गेले आणि प्रत्येकात खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली. कित्येकांनी पैसे भरूनही डेटा मिळाला नाही, कारण पुसणाऱ्याने तो उचललेलाच नव्हता. मी हे सगळं तेव्हा कॉलेजात असताना वाचलं होतं. वाचून "काय बावळट लोक असतात" असं म्हटलंही होतं. असो.

मला खरा त्रास पुढच्या गोष्टीचा झाला. दोन दिवसांनी शांतपणे बसून मी त्या रात्रीचे एरर पुन्हा वाचले, आणि लक्षात आलं की सर्व्हर मला पहिल्या मिनिटापासून खरं सांगत होता. मी त्याचं म्हणणं ऐकण्याऐवजी त्याचं तोंड बंद करत सुटलो होतो.

कसं ते सांगतो. आपली सोसायटी डोळ्यांसमोर आणा. मेन गेटवर एक वॉचमन, ही पॅनेलवरची फायरवॉल. तुमच्या विंगच्या खाली दुसरा वॉचमन, हा सर्व्हरवरचा फायरवॉलडी. मग फ्लॅटचं दार, म्हणजे पोर्ट. दाराआड माणूस असेल तर तो उघडतो, हा आपला एंजिनएक्स. आणि घरात शिरल्यावरचे नियम, म्हणजे पाहुण्याने हॉलमध्ये बसावं पण कपाट उघडू नये, हा एसई-लिनक्स.

आता बाहेरून दार ठोठावल्यावर तीन वेगवेगळी उत्तरं येऊ शकतात.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणजे तुम्ही बहुतेक दारापर्यंत पोचलात, पण आत कुणी नाही. सर्व्हरने स्वतः उत्तर दिलंय की ह्या पोर्टवर कोणी ऐकत नाही. सर्व्हिस बंद आहे किंवा भलत्याच पत्त्यावर ऐकत बसलीय. इथे फायरवॉलच्या मागे लागण्याआधी सर्व्हिस बघा.

"नो रूट टू होस्ट" हे नाव फसवं आहे. बरेचदा रस्ता असतो, पण विंगखालचा वॉचमन म्हणतो, "परवानगी नाही, साहेब." फायरवॉलडी नेमकं हेच करतो. नको असलेल्याला गिळून टाकत नाही, तसा रीतसर निरोप परत पाठवतो.

आणि "टाइम्ड आउट" म्हणजे कुणी काही बोललंच नाही. तुमचं पाकीट वाटेत कुणीतरी मुकाट्याने टाकून दिलं. पॅनेलवरच्या फायरवॉली साधारण असंच वागतात.

मला काय दिसत होतं? टाइम आउट. माझ्या फायरवॉलडीने अडवलं असतं तर त्याचा नकार परत आला असता. तो आला नाही, म्हणजे पाकीट त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं! सगळी गडबड मेन गेटवर होती आणि मी विंगच्या वॉचमनला, ज्याचा त्या घडीला काहीच दोष नव्हता, नोकरीवरून काढून टाकलं.

एसई-लिनक्सचीही तीच कथा. अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीने डिसेंबर २००० मध्ये खुला केलेला हा प्रकार २००३ पासून लिनक्सच्या कर्नलमध्येच आहे, आणि तेव्हापासून लोक तो बंद करतायत. माझ्या एंजिनएक्सच्या लॉगमध्ये स्वच्छ लिहिलं होतं की आतल्या ३००० नंबरच्या पोर्टला जोडताना एरर १३, परवानगी नाकारली. जोडणी नाकारली नव्हे, परवानगी नाकारली. हा शब्द दिसला की सर्व्हिस जिवंत आहे आणि कुणीतरी नियमावर बोट ठेवतंय हे ओळखायचं. उपाय एका ओळीचा होता: वेब सर्व्हरला नेटवर्कवर दुसरीकडे जोडणी करू द्या, असं सांगणारं एक बटण एसई-लिनक्समध्ये आहे, ते कायमचं चालू करायचं. (डेटाबेस गेला त्यात एसई-लिनक्सचा संबंध नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगतो. पण बंद करताना मला ते कुठे माहीत होतं?)

म्हणजे एकूण तीन अडचणी आणि तीन छोटे उपाय. पॅनेलवर ८० आणि ४४३ उघडायचे, फायरवॉलडीमध्ये वेबच्या दोन सर्व्हिस कायमस्वरूपी घालून रीलोड करायचं, आणि एसई-लिनक्सचं ते एक बटण. मी नंतर घड्याळ लावून हे सगळं पुन्हा केलं. चहासकट बारा मिनिटं लागली. शुक्रवारी रात्री "शॉर्टकट" मारून दीड तास घालवला होता!

म्हणून माझं मत असं झालंय की "बंद करून बघा" हा सल्ला द्यायचंच आपण बंद केलं पाहिजे. माझ्या टीममधले एक सीनियर यावर चिडतात. ते म्हणतात, "अरे, बंद करून बघणं हेसुद्धा निदानच. वायरमन फ्यूज काढून बघत नाही का?" मुद्दा चुकीचा नाही. पण वायरमन फ्यूज काढून खिशात घालून घरी जात नाही! बंद करण्याआधी त्याला एक नेमका प्रश्न पडलेला असतो, आणि उत्तर मिळालं की तो फ्यूज परत बसवतो. मी फायरवॉल बंद केली, प्रश्न होता "हिच्यामुळे अडतंय का?", उत्तर मिळालं "नाही". त्याच क्षणी ती परत चालू करायला हवी होती. मी पुढच्या संशयिताकडे गेलो. फसलेला प्रयोग आपण परत गुंडाळून ठेवत नाही, आणि जमलेल्या प्रयोगाला हात लावायची भीती वाटते. साइट चालू झाल्यावर रात्री एक वाजता "आता परत चालू करून बघू" म्हणायची छाती किती जणांची आहे? तात्पुरतं जे असतं ते असं कायमचं होतं. आपल्याकडचे रस्ते बघा, पटेल.

दुसरं कारण, साइट बंद असली की दहा जणांचे फोन येतात. फायरवॉल बंद असली की एकाचाही येत नाही. जे ओरडतं ते आपण दुरुस्त करतो. ऑफिसातही हेच. शुक्रवारी संध्याकाळी क्लायंट कॉलवर असताना मॅनेजरला साइट चालू हवी असते, ती कशाने चालू झाली हे सोमवारीसुद्धा कुणी विचारत नाही.

मग करायचं काय? माझी पद्धत आता अशी आहे. आतून बाहेर जायचं. आधी सर्व्हरवरच बघायचं की सर्व्हिस कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या पोर्टवर ऐकतेय. मग तिथूनच पान मागवायचं. मग लॉग वाचायचा, शेवटच्या वीस ओळी, शब्द न शब्द. मग फायरवॉलचे नियम नुसते छापून बघायचे, हात न लावता. मग टीसीपीडंप लावून बाहेरून पाकीट येतंय का ते बघायचं. येतच नसेल तर दोष सर्व्हरच्या बाहेर, सरळ पॅनेल उघडायचं. प्रत्येक पायरीला एकच गोष्ट बदलायची आणि उपयोग झाला नाही तर तिथल्या तिथे मागे घ्यायची.

नियम वाचताना क्रमही बघा. आयपीटेबल्समध्ये वरून खाली पहिला जो नियम जुळेल तो चालतो. पहिल्या नोकरीत मी एका सर्व्हरवर ८० नंबर उघडायचा नियम शेवटी जोडत होतो, आणि त्याच्या वरची ओळ होती "बाकी सगळ्यांना नकार". पाच वेळा जोडला. पाचही वेळा तो नकाराच्या खाली जाऊन बसला. शेवटी वैतागून सगळे नियम पुसले, तर मूळ धोरणच "टाकून द्या" असं होतं! माझं स्वतःचं एसएसएच जागच्या जागी गोठलं आणि डेटा सेंटरला फोन करून माणूस उठवावा लागला. तेव्हापासून लांबच्या सर्व्हरच्या फायरवॉलला हात लावण्याआधी मी दहा मिनिटांनी जुने नियम आपोआप परत येतील असा टायमर लावतो. काम नीट झालं तरच टायमर काढायचा. "पाच मिनिटं बंद करून बघू" म्हणायचंच असेल तर ती पाच मिनिटं मशीनला मोजू द्या. आपल्याला मोजता येत नाहीत.

आणि डॉकरवाल्यांनी जास्त हुरळून जाऊ नये. उबुंटूवर यूएफडब्ल्यू "चालू" दाखवत असली तरी डॉकर कंटेनरचा पोर्ट बाहेर काढताना स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये घालतो आणि यूएफडब्ल्यूला वळसा घालून ट्रॅफिक आत येतं. म्हणून फायरवॉल काय म्हणतेय यावर विसंबू नका. दुसऱ्या नेटवर्कवरून, मोबाईलच्या डेटावरून, स्वतःचा सर्व्हर ठोठावून बघा. डेटाबेस आतल्याच पत्त्यावर ऐकत ठेवा, घरून बघायचाच असेल तर एसएसएचच्या बोगद्यातून बघा. आणि पासवर्ड ठेवा हो!

आता कऱ्हाडकडे येतो. त्या सकाळी दादा माझ्यासाठी थांबला नाही. अण्णांनी माळ्यावरून लाल वही काढली, दोन फोन केले आणि तिसऱ्या माणसाला दादाने स्वतः गाडीवर बसवून हॉस्पिटलला नेलं. मी आधी पॅनेलवरची दारं लावली, शुक्रवारचा बॅकअप लॅपटॉपवर होता तो चढवला, नऊच्या आत यादी परत आली. उघड्यावर पडलेल्या सर्व्हरवर आणखी काय काय झालं असेल याचा भरवसा नव्हता, म्हणून रात्री तो पूर्ण पुसून नव्याने उभा केला. बिटकॉइन अर्थातच दिले नाहीत. मला वाटलं, संपलं.

संध्याकाळी दादाचा फोन. "सगळं परत आलं ना?"

"हो, एकूणएक."

"मग ती चिठ्ठीवाल्याकडे गेलेली यादी? ती पण परत आली?"

मला उत्तर देता येईना. गेली असेल, नसेलही गेली. सांगता येत नाही आणि परत मागता येत नाही. बॅकअपमधून आपल्याला हरवलेलं मिळतं, दुसऱ्याच्या हाती लागलेलं काढून घेता येत नाही.

दादा म्हणाला, "लोकांना सांगायला पाहिजे." माझ्या तोंडावर आलं होतं की कशाला, कुणाला कळणार आहे? ऑफिसात बहुधा असंच ठरलं असतं. पण दादा दुकानदार माणूस, रोज त्याच लोकांना तोंड दाखवायचं. आम्ही ३८२ जणांना मेसेज पाठवला की तुमचं नाव, नंबर आणि रक्तगट आमच्या चुकीने दोन दिवस उघड्यावर होता, अनोळखी फोन आले तर सावध राहा. खाली माझं नाव आणि नंबर घातला.

बऱ्याच जणांनी हात जोडलेली चित्रं पाठवली. काहींनी विचारलं, आता पुढचं शिबिर कधी? एका ताईंनी मात्र फोन केला. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "मी नंबर मंडळाला दिला होता. अण्णांच्या वहीत लिहिला होता. तो इंटरनेटवर टाकताय हे मला कुणी विचारलं नव्हतं. माझं नाव काढा." मी काढलं. आणखी आठ जणांनी तेच सांगितलं.

आता ठरलंय ते असं. यादीत नाव घालण्याआधी माणसाला विचारायचं. लाल वहीही चालू ठेवायची, अण्णा दर महिन्याला ती साइटशी ताडून बघतात आणि माझ्या स्पेलिंगच्या चुका काढतात. सर्व्हरला मी महिन्याच्या पहिल्या रविवारी मोबाईलवरून ठोठावून बघतो. ८० आणि ४४३ उघडतात. २७०१७ ला टाइम आउट येतो, आणि तो आला की बरं वाटतं.

यादीत तेव्हा ३७३ नावं उरली. त्या ताई अजून परत आलेल्या नाहीत.